मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

मारुतीचे देऊळ नाही असे गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. देवळापुढे पार, पारावर पिंपळ आणि जवळच तांबड्या मातीचा आखाडा, ही आपल्या वाडवडिलांनी घालून दिलेली रचना होय. देवळात भक्ती करावी व आखाड्यात शक्ती कमवावी, म्हणजे भक्तीला भय राहत नाही आणि शक्तीला माज चढत नाही, असा त्यामागील हेतू. आपल्या शिरपूर गावाचे नाव श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंतांच्या पुरातन तीर्थामुळे देशभर पोचलेले आहे. अशा या पुण्यभूमीत मारुतीरायाच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने व देणगीदारांच्या उदार हस्ताने होत आहे. या मंगल प्रसंगी, ज्या पुरुषाने मारुतीरायाला नुसता नमस्कार करून समाधान न मानता त्याच्यापासून विद्या घेतली आणि ती मुक्तहस्ते वाटून टाकली, त्या पुरुषाचे चरित्र या स्मरणिकेत येणे उचितच ठरेल. ते पुरुष म्हणजे बाळंभटदादा देवधर.

शाळेच्या पटांगणावर तेल लावलेल्या गुळगुळीत लाकडी खांबावर मुले सरसर चढतात, उलटी लोंबकळतात, हात सोडून आडवी होतात. पाहणारे टाळ्या वाजवतात. परंतु हा खांब आखाड्यात आणला कोणी, कशासाठी आणला आणि कोणत्या प्रसंगातून त्याचा जन्म झाला, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यामागे एका आव्हानाची कथा आहे.

जन्म व काळ

बाळंभटदादांचा जन्म सन १७८० च्या सुमाराचा. देवधरांचे हे घराणे नाशिककडील गोदाकाठच्या कोठुरे गावचे म्हणून ओळखले जाते. नावातील भट या शब्दावरून वाचकांनी पंचपात्री व पळी हाती घेतलेला भिक्षुक डोळ्यांपुढे आणू नये. त्या काळी ब्राह्मणाच्या घरीही पहाटेच्या संध्येइतकाच पहाटेचा नमस्कार आवश्यक मानीत. वेदपठण करणारा मुलगा जोर काढीत असे आणि जोर काढणारा मुलगा स्तोत्र म्हणत असे. बाळंभट अशाच वातावरणात वाढले. पुढे कुस्तीच्या छंदाने त्यांना पुण्यात, पेशव्यांच्या आश्रयास आणले.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. सन १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. मराठी राज्यातील सर्व सरदार एका निशाणाखाली लढले असा तो अखेरचा मोठा प्रसंग. त्याच वर्षी सवाई माधवराव पेशवे अकाली वारले आणि अनेक कारस्थानांनंतर सन १७९६ च्या अखेरीस दुसरे बाजीराव गादीवर बसले. दुसऱ्या बाजीरावांविषयी इतिहासाने फारसे चांगले लिहिलेले नाही आणि ते अकारण नाही. परंतु एक गुण त्यांच्या पदरात घातलाच पाहिजे. त्यांना व्यायामाची व कुस्तीची आवड होती आणि त्यांनी मल्लांना आश्रय दिला.

पुणे व हैदराबाद ही दोन दरबारे शेजारी खरी, परंतु शेजारी म्हटले की चुरस आलीच. रणांगणावर तलवार म्यान झाली तरी ही चुरस संपत नसे. ती मग गवयांच्या मैफलीत, पंडितांच्या वादात आणि मल्लांच्या आखाड्यात उतरत असे.

अली आणि गुलाब यांचे आव्हान

त्या काळची एक रीत आजच्या पिढीला समजावून सांगणे आवश्यक आहे. दूरचा एखादा शास्त्री राजदरबारी आला की तो तेथील पंडितांना वादासाठी आवाहन करी. कोणी वादास उभे राहिले नाही, तर दरबाराने त्यास विजयपत्र द्यावे लागे. मल्लांचेही तसेच असे. नामांकित पैलवान दरबारी हजर होऊन शड्डू ठोकी. त्याचा अर्थ असा की, माझ्या तोडीचा जोड द्या, नाहीतर माझ्या तोडीचा कोणी येथे नाही असे लिहून द्या. हे पत्र म्हणजे नुसता कागद नव्हे. ते घेऊन मल्ल पुढच्या संस्थानी जाई आणि ज्या दरबाराने ते दिले त्याची नामुष्की गावोगाव मिरवली जाई. म्हणून आव्हान आले की एकट्या पैलवानाची नव्हे, सबंध दरबाराची अब्रू पणाला लागे.

अशा प्रकारे निजामाच्या पदरी असलेले अली व गुलाब हे दोन मल्ल पुण्यास आले. ते नामांकित होते. ठिकठिकाणच्या मल्लांना चीत करून आलेले त्यांचे बलदंड देह पाहताच पेशव्यांच्या पदरच्या पैलवानांचे चेहरे उतरले. आव्हान दिले गेले आणि दरबारात शांतता पसरली. दूध, तूप, बदाम खाऊन पोसलेले, बक्षिसे व शेले घेतलेले एकाहून एक मल्ल तेथे उभे होते. पण पुढे पाऊल टाकण्यास कोणी धजेना.

त्या वेळी पुढे आला तो एक कोवळा तरुण. बाळंभटांचे वय तेव्हा अवघे १८ वर्षांचे होते असे परंपरा सांगते. आव्हान आपण स्वीकारतो असे त्यांनी सांगितले. पाहणाऱ्यांना हे पोरपण वाटले असल्यास नवल नाही. अली-गुलाबांसारख्या कसलेल्या मल्लांपुढे हा पोरगा म्हणजे वाघापुढे वासरू. परंतु त्या वासराला एक गोष्ट कळली होती, जी दरबारातील बैलांना कळली नव्हती. ती अशी की, हरण्याने अब्रू जात नाही, उभे न राहण्याने जाते.

वणीच्या गडावर

आव्हान स्वीकारणे सोपे, ते पार पाडणे कठीण. बाळंभटांना आपली कुवत ठाऊक होती. नेहमीचेच जोर, नेहमीच्याच बैठका आणि नेहमीचेच डाव घेऊन अली-गुलाबांपुढे जाणे म्हणजे पराभव पत्करणे. ते दोघे त्याच वाटेने याच्या कितीतरी पुढे गेलेले होते. यास्तव वाट नवी पाहिजे होती.

ते नाशिकजवळच्या वणीच्या गडावर सप्तशृंगी देवीच्या चरणी गेले. अठरा हातांची ही देवी म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन शक्तिपीठांतील अर्धे पीठ. तेथे त्यांनी कडक अनुष्ठान मांडले. देवी प्रसन्न झाली आणि तिच्या कृपेने साक्षात मारुतीरायांनी दृष्टान्त देऊन लाकडाच्या खांबावर कुस्तीचे डाव कसे घोटावेत हे त्यांना शिकविले, अशी कथा गुरुपरंपरेने आजवर चालत आलेली आहे. काही जण ही कथा अशीही सांगतात की, झाडावर उड्या मारणाऱ्या वानरांच्या हालचाली पाहून ही युक्ती सुचली.

श्रद्धावानाने पहिली कथा घ्यावी, चिकित्सकाने दुसरी घ्यावी. दोन्हींतून निघणारा अर्थ एकच आहे. मारुतीरायाने दृष्टान्त दिला असेल, पण घाम बाळंभटांनाच गाळावा लागला. देवाने खांब दाखविला, खांबावर चढणे भक्ताकडेच राहिले. दृष्टान्त झाला म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाले नाहीत. अंगात भिनेपर्यंत त्यांनी ती विद्या घोटली. हातापायांच्या कातडीची सालपटे निघाल्याशिवाय मल्लखांब कोणाला आलेला नाही, हे ज्याने एकदा तरी खांब धरला आहे तो सांगेल.

येथे हेही नमूद केले पाहिजे की मल्लांनी खांबावर मेहनत करण्याची कल्पना त्यापूर्वीही आपल्या देशात होती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या स्तंभाचा उल्लेख आहे. परंतु मधली कित्येक शतके ही विद्या लुप्तप्राय झाली होती. आपल्या विद्येचा जीर्णोद्धार बाळंभटदादांनी केला असे म्हणणे या स्मरणिकेत विशेष शोभून दिसेल.

खांबाचे मर्म

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. शिसवी किंवा सागवानी लाकडाचा हा खांब जमिनीत पक्का पुरलेला असतो व जमिनीवर सुमारे साडेआठ फूट उभा असतो. खाली जाड, वर निमुळता, वरती बारीक मान व टोकास बोंड, अशी त्याची घडण असते. त्यास एरंडेल तेल लावतात. तेलामुळे घर्षण कमी होऊन कातडी वाचते, परंतु पकडही निसटते. म्हणून हाताच्या जोरावर विसंबणाऱ्याला खांब खाली टाकतो. मांड्या, पोटऱ्या, पोट, काख, कोपर, मान अशा सर्व अवयवांना पकड शिकावी लागते.

आता यात कुस्तीचा संबंध कोठे आला, असे कोणी विचारील. संबंध असा की, जोर-बैठकांनी अंग भरते, छाती रुंदावते, परंतु अंगास एक प्रकारचा ताठरपणाही येतो. खांबाने तो निघून जातो. खांब हा न थकणारा जोडीदार आहे. तो दम खात नाही, चुकत नाही, कीव करीत नाही. त्याला पायाची अढी घालून उलटे लोंबकळायला शिकलेला मल्ल खाली मातीत प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला तशीच अढी घालतो. दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल असे या विद्येतील उड्यांचे एकेक प्रकार आहेत. त्या उड्यांनी शरीर पाऱ्यासारखे चपळ होते आणि डोके खाली पाय वर अशा अवस्थेतही दिशेचे भान सुटत नाही. समोरच्याने उचलले तरी घाबरगुंडी उडत नाही, कारण अधांतरी राहण्याची सवयच झालेली असते. अशा रीतीने वजनाने कमी असलेला माणूस वजनदार माणसाला भारी पडू शकतो. बाळंभटांना हवी असलेली नवी वाट ती हीच.

कुस्तीचा दिवस

कुस्तीचा दिवस उगवला. एकीकडे अनेक मैदाने मारलेला अली, दुसरीकडे वणीहून परतलेला बाळंभट. सलामी झाली, हात मिळाले. अलीने आजवर ज्यांच्याशी हात मिळविले ते सर्व त्याच्याच तऱ्हेने शिकलेले होते. त्यांचे डाव त्याला पाठ होते. हा तरुण मात्र वेगळ्याच शाळेत शिकून आलेला होता. परंपरा सांगते की बाळंभटांनी अलीला चीत केले. आणि तो प्रकार डोळ्यांनी पाहिल्यावर गुलाबाने हात न मिळविताच हार कबूल केली.

दरबारात केवढा जल्लोष झाला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. परंतु त्या जल्लोषात एक गोष्ट विसरता कामा नये. अली आणि गुलाब हे काही खलपुरुष नव्हते. ते आपल्या विद्येचे निष्ठावान उपासक होते, राजरोस आले, राजरोस आव्हान दिले, हरल्यावर हार मानली. गुलाबाने तर आपल्या साथीदाराचा पराभव पाहून प्रतिस्पर्ध्याची श्रेष्ठता जाहीरपणे मान्य केली. असे करायलाही छाती लागते. आणि खरे पाहता, हे दोघे पुण्यास आलेच नसते तर काय झाले असते? बाळंभट दरबारातील अनेक मल्लांपैकी एक मल्ल म्हणून राहिले असते, वणीच्या गडावर गेले नसते आणि मल्लखांब पुन्हा उभा राहिला नसता. तात्पर्य, आव्हान देणारा हाही एक प्रकारे गुरूच असतो. दोनशे वर्षे उलटली तरी बाळंभटदादांचे नाव घेताना अली-गुलाबांचेही नाव घ्यावे लागते, ते याच ऋणामुळे.

आव्हानाची ही रीत पुढेही चालत राहिली. सन १९१० मध्ये गामा पैलवान विलायतेस गेले. तेथील मोठ्या स्पर्धेत उंची कमी म्हणून त्यांना घेतले नाही, तेव्हा त्यांनी कोणत्याही वजनाच्या मल्लांना ठराविक वेळात चीत करून दाखवीन असे जाहीर आव्हान दिले. प्रथम अमेरिकेचा रोलर हरला. त्यानंतर दिनांक १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडचा बलाढ्य मल्ल झिबिस्को त्यांच्याशी भिडला. तो अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक जमिनीला चिकटूनच राहिला, कुस्ती बरोबरीत सोडावी लागली आणि आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या कुस्तीस तो आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळास हेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामांनी एका मिनिटाच्या आत त्यास आस्मान दाखविले. त्याच काळात कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे भव्य मैदान बांधून देशभरच्या मल्लांना एका मातीत आणले. जत्रेतील आम दंगलीत हलगी कडाडते, इनामाची कुस्ती पुकारली जाते आणि गर्दीतून एखादा पोरगा लांग चढवून पुढे येतो, तेव्हा तीच जुनी रीत आपण पाहत असतो.

राज्य गेले, विद्या राहिली

अली-गुलाबांवरील विजयाने बाळंभटांचे नाव सर्वतोमुखी झाले. ते पेशव्यांच्या दरबारी मल्लविद्येचे गुरू झाले व आदराने त्यांस सर्व जण दादा म्हणू लागले. एखादा मल्ल असता तर एवढ्यावर समाधान मानून पुढील आयुष्य बक्षिसे व शेले मिरविण्यात घालविता. गुप्त डाव गुप्तच ठेवायचा, फारच झाले तर मरतेवेळी मुलाच्या कानात सांगायचा, अशी पुष्कळ उस्तादांची चाल होती. त्यामुळे आपल्या देशातील किती विद्या चितेवर जळून गेल्या आणि कबरीत गाडल्या गेल्या याची गणती नाही. दादांनी याच्या नेमके उलट केले. जो खांब त्यांना अजिंक्य करीत होता, तोच त्यांनी सर्वांसाठी उघड्यावर रोवला. उद्या शिष्यच अंगावर आला तर, अशी भीती त्यांनी बाळगली नाही.

इकडे राज्याची घडी मोडत चालली होती. सन १८०२ मध्ये वसईचा तह होऊन पेशवे इंग्रजांचे अंकित झाले. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले व सालीना आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे जाऊन राहिले. आखाड्यातली चुरस न्यायाची असते. तेथे दोघांच्या हाती शस्त्र नसते, माती सारखी असते, पंच समोर असतो. राज्याराज्यांतील चुरस तशी नसते. तेथे एकजूट व शिस्त लागते आणि तीच आपणात उरली नव्हती.

पेशव्यांबरोबर जी मंडळी देश सोडून उत्तरेत गेली, त्यांत बाळंभटदादाही होते. हरलेल्या धन्याबरोबर परमुलखात जाण्यात लाभ कसला? परंतु मीठ खाल्ले त्याला दादा जागले. आणि पाहा दैवाची गती कशी असते. पेशव्यांचे राज्य पुण्यात बुडाले, पण मल्लखांबाचे राज्य तेथून पुढे वाढू लागले. बिठूरला मराठी मुलांचा आखाडा जमला. बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब, येवल्याहून आलेल्या कुटुंबातील तात्या टोपे आणि मोरोपंत तांब्यांची मनू, म्हणजेच पुढील झाशीची राणी लक्ष्मीबाई, ही सर्व बिठूरच्या याच वातावरणात वाढली. घोडदौड व तलवारीबरोबर मल्लखांबाचेही शिक्षण त्यांना मिळाले, असे परंपरा मानते. ज्या काळी मुलीने मोठ्याने हसणेही वाईट समजत, त्या काळी एक मुलगी खांबावर चढली आणि पुढे १८५७ साली घोड्यावर चढून रणांगणात गेली. मुलींना व्यायाम कशाला, असे आजही कोठे कोठे ऐकू येते. त्यास हे उत्तर पुरेसे आहे.

दादांनी काशीसही आपली विद्या नेली. तेथे त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी आखाड्याचे कार्य पुढे नेले व तो आखाडा त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. सन १८५२ च्या सुमारास दादांचे देहावसान झाले. दुसरे बाजीराव त्यापूर्वी एकच वर्ष, जानेवारी १८५१ मध्ये वारले होते. पेशव्यांचा तनखा त्यांच्याबरोबरच संपला. दादांची ठेव मात्र संपली नाही.

शिष्यपरंपरा

नारायणगुरू देवधर, दामोदरगुरू मोघे, अच्युतानंद स्वामी अशा गुरूंनी ही ज्योत पुढे नेली. उज्जैनला अच्युतानंदगुरूंच्या नावाचा आखाडा प्रसिद्ध आहे. चांगला वेत मिळेना तेव्हा सुती दोर टांगून त्यावर उड्या सुरू झाल्या आणि त्यातून दोरीचा मल्लखांब रूढ झाला. आज तो मुलींचा आवडता प्रकार आहे. बडोद्यास जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद होऊन गेले. त्यांनी आपली गादी माणिकराव या हिंदू शिष्याच्या हवाली केली व प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या संस्थेला गुरूचे म्हणजे जुम्मादादांचे नाव दिले. एका काळी हैदराबादचा अली व पुण्याचा बाळंभट समोरासमोर उभे राहिले. पुढे त्याच मातीत मुसलमान गुरू व हिंदू शिष्य एकमेकांना शोभले. मातीने जातधर्म विचारला नाही, घाम किती गाळलास एवढेच विचारले.

आपल्या वऱ्हाडाचा वाटाही लहान नाही. अमरावतीस १९१४ साली अनंत वैद्य व अंबादासपंत वैद्य या बंधूंनी श्री हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून वाढीस लागला. संस्थेचे नाव पाहावे, हनुमानाचेच आहे. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली आणि १९४९ मध्ये स्वीडन देशातही मंडळाचे पथक गेले. म्हणजे वणीच्या गडावर सुचलेली विद्या वऱ्हाडातील तरुणांनी समुद्रापार नेली.

त्यानंतरचा इतिहास ताजा आहे. १९५८ साली दिल्लीत राष्ट्रीय जिम्नॅस्टिक स्पर्धांच्या वेळी मल्लखांबास प्रथम राष्ट्रीय पातळीवर स्थान मिळाले. २०१३ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हा आपला राज्यखेळ म्हणून जाहीर केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईस शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली व त्यात परदेशी मुलामुलींनी खांबावर उड्या मारल्या. २०२२ साली हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांबाचा समावेश झाला. २०२४ मध्ये दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना याच कार्यासाठी पद्मश्री मिळाली. बाळंभटदादांनी या सर्वांपैकी काही पाहिले नाही. त्यांनी फक्त खांब रोवला होता.

आपल्यापुढील आव्हान

थोरांची चरित्रे वाचून पुस्तक मिटून ठेवावयाचे असते असे नाही. त्यातून आपल्या गावापुरते काही घ्यावयाचे असते. मंदिराचे दगड, चुना, फरशी, कळस ही कामे देणग्यांतून होतात व ती झालीच पाहिजेत. देणगीदारांचे ऋण गाव विसरणार नाही. परंतु अनेक गावी असे दिसून येते की मंदिर नवे झाले, संगमरवर बसला, विजेची रोषणाई झाली आणि शेजारचा आखाडा मात्र बुजला. माती वाळली, खांब सरपणात गेला, मोकळ्या जागेवर गाळे निघाले, आणि ज्याची जागा होती तो मारुती गाळ्यांच्या आड झाकला गेला. तरुण मंडळी रात्री उशिरापर्यंत मोबाईलच्या उजेडात बसतात आणि पहाट कशी असते हे विसरतात. अली आणि गुलाब आता शड्डू ठोकीत दारी येत नाहीत. व्यसन, आळस व तुटलेली एकजूट ही आजची आव्हाने आवाज न करता येतात, आणि दरबारातल्या त्या मल्लांप्रमाणे आपणही खाली मान घालून उभे राहिलो तर विजयपत्र त्यांनाच लिहून द्यावे लागेल.

त्यास उत्तर फार खर्चाचे नाही. मंदिराच्या शेजारी चार खण जागा मोकळी राखावी, एक चांगला सागवानी खांब पक्का रोवावा, थोडे एरंडेल तेल असावे आणि ज्यांना येते अशा जुन्या मंडळींनी पहाटे एक तास मुलामुलींना द्यावा. मंदिराचा कळस गावच्या सीमेवरून दिसतो, तो दिसलाच पाहिजे. पण त्या कळसाखाली एखादे पोर घामाने निथळत खांबाला अढी घालीत असेल, तर मारुतीरायाला ती पूजा अधिक पोचेल.

बाळंभटदादा देवधरांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन. गावातील प्रत्येक घरी आरोग्य, बल व एकजूट नांदो, हीच मारुतीरायाचे चरणी प्रार्थना.

॥ बजरंगबली की जय ॥